अमेरिकेचा स्टुडंट व्हिसा: सातारा-सांगलीकडनं अर्ज करताना कागद कुठल्या क्रमानं आणि फी किती

ऍडमिशनचा मेल आला की घरात पहिला प्रश्न हाच, एजंटला किती द्यायचे. त्याच्या आधी सरकारी फी किती ते बघा, ती उघड आहे आणि घरबसल्या भरता येते. शिकायला जाणाऱ्याला, म्हणजे एफ-१ व्हिसाला, सेव्हिस फी (सेव्हिस म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकन सरकारची यंत्रणा) ३५० डॉलर आणि व्हिसा अर्जाची फी १८५ डॉलर, मिळून ५३५. एक्स्चेंज प्रोग्रामवर जाणाऱ्याला, म्हणजे जे-१ व्हिसाला, सेव्हिस २२० आणि वर तेच १८५, मिळून ४०५. जुलै २०२५ च्या कायद्यात २५० डॉलरची आणखी एक व्हिसा फी घातलेली आहे, त्यामुळं पैसे भरायच्या दिवशी सरकारी साइटवरचा आकडा बघूनच हिशोब करा. त्याच्यावर कोण मागत असेल तर तो त्याचा मेहनताना. द्या हवं तर, पण पावती कशाची ते विचारा.

आता क्रम. प्रत्येक कागदावर एक नंबर असतो आणि तो पुढच्या कागदाला लागतो, म्हणून मधलंच काहीतरी आधी उरकून ठेवू म्हटलं तर जमत नाही.

सुरुवात युनिव्हर्सिटीच्या आय-२० पासनं, म्हणजे व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते त्या प्रवेशाच्या कागदापासनं. जे-१ वाल्याला त्याऐवजी डीएस-२०१९ मिळतो, तो प्रोग्रामचा स्पॉन्सर देतो. आय-२० साठी पहिल्या वर्षाची फी आणि राहण्याखाण्याचा खर्च भागेल एवढा पैसा दाखवावा लागतो, आणि आपल्याकडची गाडी इथंच अडते. घरी ऊस आहे, द्राक्षबाग आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, पण बहुतेक युनिव्हर्सिट्या जमीन, घर, सोनं धरत नाहीत, त्यांना लगेच वापरता येईल असा पैसा लागतो, म्हणजे सेव्हिंग, एफडी किंवा एज्युकेशन लोनचं सँक्शन लेटर. पतसंस्थेतली ठेव घरच्यांना कितीही पक्की वाटली तरी तिकडच्या माणसाला बँकेच्या लेटरहेडवरचं इंग्रजी पत्र पटकन कळतं. सातबारा आणि आठ-अ फेकून देऊ नका, सीएकडनं मालमत्तेचं सर्टिफिकेट करून घेताना ते लागतात आणि इंटरव्ह्यूला वडिलांचं उत्पन्न कसं ते सांगताना आधार होतो. उसाचं बिल जिल्हा बँकेत जमा होत असेल तर त्या खात्याचं स्टेटमेंट पण काढून ठेवा. आणि पाहुण्यांकडनं उसने आणून खात्यात एकदम मोठी रक्कम टाकायचा उद्योग नको, ती कुठनं आली हे विचारलं की पोरगं गडबडतं.

नावाचं प्रकरण सगळ्यात वैतागाचं. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, पासपोर्टवर वेगळी मांडणी, कॉलेजच्या दाखल्यावर तिसरंच काहीतरी. इथं नियम एकच, पासपोर्टवर जसं आहे तसंच आय-२० वर आणि तसंच अर्जात. आय-२० आला की आधी नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून बघा, चूक असेल तर युनिव्हर्सिटीला मेल करून सुधारूनच घ्या, मग सही करा. पासपोर्टच अजून काढला नसेल तर आपण पुणे पासपोर्ट ऑफिसच्या हद्दीत येतो, ३६ पानी पासपोर्टची साधी फी १५०० रुपये, आणि आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका.

आय-२० वर एन नं सुरू होणारा सेव्हिस नंबर असतो. तो टाकून सेव्हिस फी ऑनलाइन भरायची. कार्डवर इंटरनॅशनल ट्रान्झॅक्शन चालू केलंय का ते बँकेच्या ऍपमध्ये आधी बघा. पावतीची प्रिंट काढून ठेवा. व्हिसा नाकारला आणि वर्षाच्या आत त्याच प्रकारचा परत मागितला तर ही फी पुन्हा भरावी लागत नाही, पण १८५ डॉलर मात्र गेले ते गेले, दर वेळी नवीन.

मग डीएस-१६० फॉर्म, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज. लांबलचक आहे, मध्येच चहाला उठलात तर साधारण २० मिनिटांनी बंद पडतो, म्हणून ऍप्लिकेशन आयडी आधी लिहून घ्या आणि सेव्ह करत जा. गेल्या ५ वर्षांतली सोशल मीडियाची अकाउंटं त्यात लिहायची असतात, लपवू नका, आणि जून २०२५ पासनं विद्यार्थ्यांना ती पब्लिक ठेवायला सांगितलंय. फोटो २ बाय २ इंच, पांढरा बॅकग्राउंड, चष्मा काढून. गावातल्या स्टुडिओत आधीच सांगा नाहीतर ते पासपोर्ट साइजच हातात ठेवतात. फॉर्म सायबर कॅफेवाल्याकडनं भरून घेतला तरी सबमिट करायच्या आधी स्वतः वाचा, उत्तरं तुमच्या नावावर जातात.

अर्जाची फी भरली की अपॉइंटमेंट घ्यायची. पावती ३६५ दिवस चालते. आपल्याला मुंबईचं अमेरिकन कॉन्सुलेट, म्हणजे वकिलात, जवळ, बीकेसीत (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स), पण बोटांचे ठसे-फोटो आणि इंटरव्ह्यू हे वेगवेगळे आणि बहुतेक वेळा वेगळ्या दिवशी, त्यामुळं सलग दोन दिवस मिळाले तर बरं. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी दादरला उतरणार असाल तर त्याच दिवशीची सकाळची वेळ घेऊ नका, गाडी लेट झाली तर कपाळाला हात. कॉन्सुलेटमध्ये मोबाइल नेता येत नाही, सोबत आलेल्या माणसाकडं द्या.

इंटरव्ह्यू दोन-चार मिनिटांचा. फाइल उघडायला सांगतीलच असं नाही, त्यामुळं हाच कोर्स का, पैसा कुणाचा, नंतर काय, हे तोंडानं नीट सांगता आलं पाहिजे. पाठ केलेलं लगेच कळतं.

व्हिसा लागला तरी प्रोग्राम सुरू व्हायच्या ३० दिवसांच्या आधी आत घेत नाहीत, स्वस्त बघून लवकरचं तिकीट काढू नका. आय-२० हातातल्या बॅगेत ठेवा, उतरल्यावर तो मागतात. आणि फीचे पैसे पाठवताना स्वतःचा पैसा वर्षाला १० लाखांच्या वर गेला तर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापते, बँकेच्या एज्युकेशन लोनमधनं गेलेल्या रकमेवर कापत नाही. कापलेला रिटर्न भरताना वळता होतो, ज्याच्या पॅनवर कापला त्यानं रिटर्न भरायला पाहिजे एवढंच.