वर्षाचा गहू भरा, पण कोठीत घालण्याआधी हे करा

घरखर्चात किराणा स्वस्तात कसा बसवायचा, असं कुणी विचारलं की त्याला सवलतींची यादी मिळते. कुठे कुठल्या दिवशी किती टक्के सूट, काय दोन घेतल्यावर काय मोफत. आमच्या चौघांच्या घराचं वाणसामान गेली सतरा वर्षं मी भरतो आणि पै न् पै वहीत लिहितो. सवलतींमुळे आमचा खर्च कमी झाल्याचं त्या वहीत कुठेही दिसत नाही. मोफतच्या मोहात जास्तीचं घरात आलं, एवढंच दिसतं. खर्च उतरला तो जिन्नस ज्या हंगामात येतो त्या हंगामात वर्षाचा भरल्यामुळे. आधीच्या पिढीच्या घराघरांत हेच चालायचं. मग कधीतरी गव्हाला टोके, म्हणजे धान्य पोखरणारे सोंडकिडे, लागले आणि पुण्यातल्या कितीतरी घरांनी साठवण कायमची बंद केली. म्हणून खरेदीचं थोडक्यात सांगतो आणि टिकवण्याचं सविस्तर.

आधी खप मोजा

अंदाज चालत नाही. दळण आणलं की डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख आणि वजन लिहा, डबा संपला की पुन्हा तारीख लिहा. दोन-तीन महिने एवढंच करा. मी महिन्याला पंधरा किलो गहू धरून चाललो होतो, प्रत्यक्षात नऊ लागत होता. सुट्टीत गावी जातो ते धरून आम्हाला वर्षाला एक क्विंटल पुरतो.

काय, कधी, कुठे

गहू मार्च ते मे. मालदांडी ज्वारी फेब्रुवारी-मार्च. तूर हिवाळ्यात निघते, म्हणून डाळ जानेवारीनंतर. मिरची, हळद, चिंच उन्हाळ्याच्या तोंडाशी. भात ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापला जातो, पण नव्या तांदळाचा भात गिचका होतो, म्हणून तांदूळ मी मार्चपर्यंत थांबून घेतो.

पुण्यात गुलटेकडीला मार्केट यार्डाच्या भुसार, म्हणजे धान्याच्या, बाजारात जा, आणि एकट्याने जाऊ नका. इमारतीतली तीन घरं मिळून गेलात तर भावही बरा मिळतो आणि टेंपोचं भाडंही वाटलं जातं. लोकवन, सिहोर या गव्हांचे अर्धा-अर्धा किलोचे नमुने आणून घरी दळा, पोळ्या करून बघा आणि मग ठरवा. भाव विचारताना हमाली आणि टेंपो धरून घरपोच किलोला किती, असंच विचारा.

पाकिटातल्या मालाचं एकच सांगतो. पुढच्या बाजूची मोठी किंमत बघू नका, बारीक अक्षरात ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे किंमत छापलेली असते ती बघा. एकसारखं दिसणारं पाकीट ८५० ग्रॅमचंही असतं. तेलात तर हमखास चूक होते. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात १५ किलोच्या डब्यापेक्षा जवळजवळ १ किलो ३५० ग्रॅम तेल कमी असतं. शेजारी शेजारी ठेवलेले हे दोन डबे डोळ्यांना सारखेच दिसतात.

वाळवणं आणि भरणं

पहिल्या वर्षी मी मे महिन्यात गच्चीवर गहू वाळवला आणि दुपारी चारला गरम असतानाच पत्र्याच्या कोठ्यांत भरून झाकणं घट्ट लावली. गरम भरला की किडा मरतो, असं एका दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं. जुलै संपताना कोठी उघडली. वरच्या थराला कुबट वास येत होता, कडेने गव्हाचे गोळे झाले होते आणि त्यांत टोके फिरत होते. चाळीस किलो गहू गेला. एवढा गहू वाया गेल्याचं दुःख मला आजही आहे.

चूक कुठे झाली ते मला दुसऱ्या वर्षी कळलं. गरम धान्यातून निघालेली वाफ रात्री गार पडलेल्या पत्र्याला लागते, तिचं पाणी होतं आणि ते वरच्या आणि कडेच्या गव्हात मुरतं. वर जून-जुलैची पुण्याची दमट हवा.

टोक्याचंही समजून घ्या. मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. दाणा बाहेरून धडधाकट दिसतो. उबदार, दमट हवेत महिनाभरात आतून किडा बाहेर पडतो. म्हणजे किडा बहुतेक वेळा पोत्यातूनच दाण्याच्या पोटात बसून घरी आलेला असतो. लवंगा, लसणाच्या पाकळ्या, काडेपेट्या यांचा वास बंद दाण्यात शिरणार कसा? काडेपेटी तर अन्नात ठेवायची वस्तूच नाही. हे उपाय सुचवणाऱ्यांनी एक क्विंटल गहू स्वतः कधी भरला असेल, यावर माझा विश्वास नाही.

मी आता असं करतो. एप्रिलअखेर किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात, वळवाचा पाऊस यायच्या आत, गहू चाळून गच्चीवर जुन्या सुती चादरींवर पसरतो. थर बोटभर, त्याहून जाड नको. जाड थरात वरचे दाणे तापतात आणि खालचे गारच राहतात. तासातासाने हाताने वरखाली करतो. साडेचारच्या सुमारास गोळा करून घरात आणतो, कारण रात्री गच्चीवर राहिलेला गहू दिवसभरात गेलेला ओलावा परत घेतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. दोन कडक उन्हं पुरतात, ढगाळ दिवस त्यात मोजायचा नाही.

दुसऱ्या दिवशी दाणा दाताखाली धरा, कट् असा आवाज करत तुटला पाहिजे. दबला किंवा चिवट लागला तर तिसरं ऊन द्या. शंका असेल तर काचेच्या कोरड्या बाटलीत थोडा गहू आणि कोरडं मीठ घालून दहा-पंधरा मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल बरीच आहे, भरू नका. चिकटलं नाही तरी दाताची परीक्षा सोडू नका, कारण थोडी ओल मिठाला कळत नाही.

यानंतर जी घाई मी केली ती तुम्ही करू नका. गहू रात्रभर घरात चादरीवर पसरून पूर्ण गार होऊ द्या. सकाळी मुठीत घेतल्यावर जराही कोमट लागता कामा नये. मगच कोठी काठोकाठ भरा, वर हवेला जागा ठेवू नका. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत कुरकुरीत वाळवलेलाच घाला. ओला पाला म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने घातलेलं पाणी.

एका मोठ्या कोठीऐवजी लहान चार घ्या आणि रोजच्या वापराला महिन्यापुरता डबा वेगळा ठेवा. पावसाळ्यात मोठी कोठी जितक्या वेळा उघडाल तितकी दमट हवा आत जाईल. कोठ्या फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा आणि न्हाणीघराच्या भिंतीला मुळीच लावू नका.

एरंडेल तेल मी गव्हाला लावत नाही, अख्खा मूग, मटकी, चवळी यांना लावतो. किलोला चहाचा एक चमचा. कडधान्यातला भुंगा अंडी दाण्याच्या बाहेरच्या सालीवर घालतो, त्यामुळे तेलाचा लेप तिथे खरोखर काम करतो. गव्हात अंडं आत असतं.

गव्हात ठेवायच्या म्हणून मिळणाऱ्या विषारी गोळ्या घरात आणू नका. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीतून फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने मरतात. ती गोदामात जाणकारांनी वापरायची गोष्ट आहे, स्वयंपाकघरातली नव्हे. तांदळाला बोरिक पावडर लावायची चाल आपल्याकडे आहे, तीही मी बंद केली.

एवढं करूनही एखाद्या कोठीत टोके दिसले तर तीच कोठी आधी वापरायला घ्या. उघडीप मिळाली की ऊन द्या, चाळा, गार करा आणि लगेच दळून आणा.

गच्ची नसेल, सोसायटी वाळवण घालू देत नसेल किंवा घरात ऊनच येत नसेल, तर वर्षाचा गहू भरू नका. तीन घरांत एक पोतं घ्या, तीन महिन्यांचं वाटून घ्या आणि ते संपल्यावरच पुन्हा यार्डात जा. फार तर किलोमागे दोन पैसे जास्त जातील, पण चाळीस किलो गहू फेकावा लागणार नाही.