निशला गेलात तर आधी बुरेक

सर्बियात बेलग्रेडहून बसने तीनेक तासांत निश हे शहर गाठता येतं. स्टँडला लागूनच, निशावा नदीच्या काठी तुर्की किल्ला आहे. पण आधी बेकरी शोधा. गरमागरम, पापुद्रे सुटलेला बुरेक, म्हणजे सारण भरलेली पेस्ट्री, आणि सोबत ग्लासभर पातळ दही हा इथला नाश्ता. शाकाहारी असाल तर ‘सा सिरोम’, म्हणजे चीजचा मागा. नुसतं बुरेक म्हटलंत तर खिमा पानात पडायचा.

कवट्यांचा मनोरा मात्र नाश्ता जिरल्यावरच बघा. १८०९च्या लढाईनंतर तुर्कांनी त्यात ९५२ सर्बियन कवट्या चिणल्या होत्या, आता ५८ उरल्यात. रिकामे कोनाडे जास्त अंगावर येतात. डोंगर बघायचे तर दुपार सिचेव्होच्या घळीसाठी राखून ठेवा. खिशात सुटे दिनार असू द्या.