काळजीने झोप उडते तेव्हा काय करावं?

रात्री पावणेतीनला जाग येते. हात उशाशी जातो, मोबाईलवर वेळ दिसते आणि हिशेब सुरू होतो: आत्ता डोळा लागला तर अजून सव्वातीन तास मिळतील. वडिलांच्या आजारपणात मी कित्येक महिने हा हिशेब केला. ऑपरेशन नीट झालं, ते हिंडूफिरू लागले, तरी माझी झोप काही परत आली नाही.

असं का होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचे उपाय पटतील. ताण आला की शरीर तो धोका समजतं. नाडी वाढते, स्नायू ताठरतात, कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं. एरवी ते मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी असतं आणि पहाटेकडे चढतं. ताणात मात्र शरीर रात्रीही पहाऱ्यावर राहतं. मग झोपेची भरपाई म्हणून आपण नऊलाच आडवे होतो, दुपारी ताणून देतो, अंथरुणातच फोन बघतो. काळजी मिटते, या सवयी मात्र राहतात. तासन्‌तास तळमळून अंथरूण आणि जाग यांची मेंदूत जोडी बसते. म्हणूनच टीव्हीसमोर डुलक्या येतात आणि उशीला डोकं टेकलं की टक्क जाग येते.

१. उठायची वेळ पक्की करा

झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. रात्र कशीही गेली तरी रोज त्याच वेळी उठा, रविवारीही. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन हे रसायन साठत जातं आणि त्यानेच रात्री डोळे जड होतात. उशिरापर्यंत लोळलात किंवा दुपारी दोन तास झोपलात की ती शिल्लक खर्च होते. फारच पेंग आली तर तीनच्या आत वीस मिनिटं, बस. सकाळचा चहा गॅलरीत, उजेडात घ्या. संध्याकाळचा चहा मात्र सोडा, कारण सहा तासांनीही त्यातलं निम्म्याच्या आसपास कॅफिन अंगात असू शकतं आणि ते अ‍ॅडेनोसिनचा रस्ता अडवतं.

२. काळजीला संध्याकाळी वेळ द्या

जेवणाआधी वही घेऊन पंधरा मिनिटं बसा. डावीकडे काळजी, उजवीकडे तिच्यासाठी पुढचं एकच पाऊल लिहा. माझ्या वहीत असायचं: ‘बाबांचे रिपोर्ट – उद्या अकराला फोन’, ‘हप्ता – शनिवारी बँक’. ज्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही, त्याच्यापुढे ‘माझ्या हातात नाही’ असं लिहा. हे लिहिताना मला रडू यायचं, पण तीच गोष्ट रात्री दोनला पुन्हा वर यायची थांबली. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाने 57 तरुणांवर असाच एक प्रयोग केला होता, तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं लवकर झोप लागली.

३. झोप येत नसेल तर उठा

हा सगळ्यात कठीण आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा उपाय. रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने तो 1972 मध्ये मांडला. डोळे खरोखर मिटायला लागल्यावरच अंथरुणावर जा. अंदाजे वीस मिनिटं झाली आणि तळमळ सुरू झाली, तर उठा. घड्याळ बघू नका, ते भिंतीकडे तोंड करून ठेवा. मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करा. एकाच खोलीत सगळे झोपत असतील तर स्वयंपाकघरात पाट टाकून बसा. मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायचे. टॉवेल, उशांचे अभ्रे, मुलाचे मोजे जोडीने. साधारण मोज्यांपाशी जांभई यायची. तेव्हाच परत जायचं, आणि पुन्हा जाग राहिली तर पुन्हा उठायचं. पहिल्या रात्री मी चारदा उठले.

४. अंग सैल सोडा

मुठी पाच सेकंद घट्ट आवळा, मग सोडून पंधरा सेकंद तो सैलपणा अनुभवा. याच क्रमाने खांदे, कपाळ, जबडा, पोटऱ्या, तळवे. झोप आणायचीच असा हट्ट यात नको, अंगाला विसावा मिळाला तरी पुरे.

पहिला आठवडा जड जातो, दिवसा डोळ्यांवर झापड येते. त्या दिवसांत लांबचं ड्रायव्हिंग टाळा. फरक साधारण दोन ते चार आठवड्यांत जाणवू लागतो. दारूने झोप लागते खरी, पण उत्तररात्री तीच मोडते. आणि शेजारणीला लागू पडलेली झोपेची गोळी स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नका.

आठवड्यातून तीन रात्री, असं तीन महिने चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा. झोपेत घोरताना श्वास अडकतो असं घरचे म्हणत असतील तर तेवढंही थांबू नका. निद्रानाशासाठीच्या वर्तनोपचाराबद्दल आवर्जून विचारा. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये गोळ्यांच्या आधी हाच उपचार करावा अशी शिफारस केली आहे. आणि काळजी इतकी दाटली असेल की जगणंच नकोसं वाटतंय, तर सकाळची वाट पाहू नका. सरकारच्या टेलि-मानस सेवेला 14416 वर फोन करा. तो मोफत आहे आणि रात्री पावणेतीनलाही उचलला जातो.