पालक शाळेकडे फिरकत नाहीत? घरभेटी आणि संपर्काच्या कामात या चुका टाळा

बेळगावातील वडगाव, शहापूर, खासबाग, अनगोळ या भागांतील काय किंवा निपाणी-खानापुरातील काय, सरकारी प्राथमिक शाळेत पालक सभा बोलावली की बऱ्याचदा निम्मे बाकही भरत नाहीत. मग आमच्या पालकांना शिक्षणाची आस्थाच नाही, असा निष्कर्ष शिक्षकांच्या खोलीत सहज निघतो. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. ज्या आईने घरभाड्यातून पैसे वाचवून मुलीला शिकवणी लावलेली असते, ती सभेला येत नाही याचे कारण अनास्था नसून दुसरेच काहीतरी असते, आणि ते शोधण्याची जबाबदारी शाळेची आहे. या कामातील बहुतेक अडचणींचे मूळ एकाच ठिकाणी सापडते: शाळेची आणि घराची पहिली गाठ तक्रारीच्या, कागदपत्राच्या किंवा पटसंख्येच्या निमित्ताने पडलेली असते. पहिली भेट काही न मागता झाली, तर पुढच्या भेटीत मागणेही सोपे जाते.

फक्त गरजेपुरते दार ठोठावणे

ही सर्वांत मोठी चूक आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. मे महिन्याच्या अखेरीस, नवे वर्ष सुरू होताना, पटसंख्या वाढवण्यासाठी शिक्षक गल्लोगल्ली फिरतात, मराठी माध्यमाचे महत्त्व सांगतात, पहिलीत येणाऱ्या मुलांची नावे लिहून घेतात. एकदा दाखले झाले की तेच शिक्षक पुढील मेपर्यंत त्या गल्लीत दिसत नाहीत. आपल्या मुलाची गरज शाळेला आकड्यापुरती होती, हे पालकांच्या लक्षात यायला वेळ लागत नाही. पुढच्या वर्षी धाकट्या भावंडाला इंग्रजी माध्यमाच्या एलकेजीत घालताना शाळेला त्यांची खंत वाटत असली, तरी त्यांना शाळेची वाटत नाही.

दाखल्याच्या वेळी घरी गेलेल्या शिक्षकाने जुलै संपण्यापूर्वी त्याच घरी पुन्हा जावे, आणि या भेटीत मूल शाळेत काय चांगले करते एवढेच सांगावे. अमेरिकेतील सॅक्रामेंटो शहरात १९९८ साली पालक आणि शिक्षकांनी मिळून घरभेटींची जी पद्धत उभी केली, तिची तत्त्वे आपल्याकडेही विचारात घेण्याजोगी आहेत. तेथे भेट दोन्ही बाजूंनी ऐच्छिक असते, शिक्षक जोडीने जातात, त्यांना त्या वेळेचा मोबदला मिळतो, पहिल्या भेटीत मुलाविषयीच्या आशा-अपेक्षांबद्दल बोलणे होते, आणि केवळ अडचणीतील मुलांच्या घरी जाण्याचे कटाक्षाने टाळले जाते. यातील शेवटचे तत्त्व सर्वांत मोलाचे आहे. शिक्षक फक्त गैरहजर, मागे पडलेल्या किंवा भांडखोर मुलांच्याच घरी जातात असे दिसले, तर शिक्षक गल्लीत शिरताच शेजारी खिडकीतून पाहू लागतात आणि त्या घराची मान खाली जाते.

मोबदल्याचा भाग आपल्याकडे जमण्यासारखा नाही, आणि शिक्षकांवर आधीच असलेला माहिती भरण्याचा बोजा कोणी नाकारू नये. म्हणूनच सर्व घरे एका वर्षात पूर्ण करण्याचा हट्ट धरू नये. पहिली आणि चौथीच्या वर्गांपासून सुरुवात केली, तरी चार-पाच वर्षांत शाळेतील जवळजवळ प्रत्येक कुटुंबाशी ओळख होते.

सभेची वेळ शाळेच्या सोयीने ठरवणे

सभा सकाळी अकराला ठेवली, तर उद्यमबागेतील फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये पाळीवर असलेला बाप येऊ शकत नाही, कारण अर्धा दिवस सुट्टी म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी. वडगाव-खासबागच्या यंत्रमागावर साडीच्या नगावर पैसे मिळतात, तेव्हा वीज असताना माग सोडून उठणे परवडत नाही. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते आणि माल ठरलेल्या वेळी पोहोचवावा लागतो. धुणीभांडी करणाऱ्या आईची कामे सकाळी सुरू होतात आणि दुपारी कुठे ती तास-दीड तास मोकळी असते. ११ जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे बायकांना साध्या सरकारी बसचे तिकीट पडत नाही, त्यामुळे शाळेपर्यंत येण्याचा खर्च वाचला. वेळ मात्र त्या योजनेने दिलेला नाही.

सभा वर्गनिहाय आणि छोटी ठेवावी, आणि वेळ ठरवण्यापूर्वी पाच-सहा पालकांना विचारावे. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, किंवा संध्याकाळी सहाच्या सुमारास गल्लीतील मंदिराच्या सभामंडपात किंवा अंगणवाडीत बसले, तर शाळेत कधीही न आलेले चेहरे दिसतात. मुस्लिम कुटुंबे असतील तर शुक्रवारची दुपार आणि संध्याकाळची नमाजाची वेळ टाळावी. सभेत प्रत्येक मुलाची वही पालकाच्या हातात पडली पाहिजे. नुसती भाषणे ऐकायला कोणी मजुरी बुडवून दुसऱ्यांदा येत नाही.

सूचना पाठवली म्हणजे पोहोचली असे समजणे

सीमाभागात ही चूक विशेष महाग पडते. शिक्षण खात्याची परिपत्रके, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि माहितीपत्रके बहुधा कन्नडमध्ये येतात. मराठी माध्यमात शिकलेल्या आयांपैकी अनेकजणी बाजारात, बसमध्ये, दवाखान्यात कन्नड सहज बोलतात, पण कन्नड लिपी वाचताना अडखळतात. बोलता येते म्हणजे वाचताही येत असणार, असे गृहीत धरून परिपत्रकाचा फोटो जसाच्या तसा पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला जातो, आणि शेवटची तारीख उलटून गेल्यावर पालकांनी लक्ष दिले नाही अशी तक्रार होते. याच्या उलट प्रकारही घडतो. मराठी शाळेत घरी कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्या कुटुंबांची मुले असतात आणि त्यांच्या आयांना मराठीत लिहिलेली लांबलचक सूचना वाचता येत नाही.

एकाच सूचनेचा दोन-तीन भाषांत एक-एक मिनिटाचा आवाजी संदेश करून पाठवणे हा सर्वांत कमी कष्टाचा उपाय आहे. उर्दू किंवा कन्नड संदेश शाळेतील कोणाला जमत नसेल, तर एखाद्या पालकालाच विनंती करावी. त्याला मान मिळतो आणि शाळेला आवाज मिळतो. संदेशात काय करायचे, कोणत्या तारखेपर्यंत, कोणता कागद घेऊन आणि कोणाकडे जायचे, या चार गोष्टी असाव्यात, बाकीचे गाळावे.

फोन कोणाचा आहे, याची चौकशी मात्र आधीच करावी लागते. नोंदवलेला क्रमांक पुष्कळदा वडिलांचा असतो, फोन त्यांच्याबरोबर कामावर जातो, आणि मुलाचा अभ्यास, डबा, औषध पाहणाऱ्या आईपर्यंत संदेश रात्री उशिरा पोहोचतो किंवा पोहोचतच नाही. काही घरांत रिचार्ज संपलेला असतो. अशा घरांची यादी वेगळी ठेवून त्यांच्यासाठी शेजारच्या पालकाला किंवा अंगणवाडी सेविकेला निरोप द्यावा. कोणाच्या मुलाला किती गुण मिळाले, कोणाचे कागद राहिले, कोण किती दिवस आले नाही, यांतील काहीही गटावर लिहू नये. एका ओळीने झालेला अपमान धुऊन काढायला वर्ष लागते.

आणखी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. पालकाची आणि शिक्षकाची भाषा जुळत नसेल, तेव्हा त्याच मुलाला दुभाषा करू नये. स्वतःबद्दलची तक्रार मूल खरी सांगणार नाही, आणि सांगितली तरी त्याच्यावर ते ओझे टाकणे योग्य नाही.

घरात गेल्यावर होणाऱ्या चुका

उंबऱ्यावर उभे राहून वही उघडणे, ही त्यांतली पहिली. हातात कागद पेन दिसले की रेशनकार्डाची किंवा एखाद्या सर्वेक्षणाची चौकशी आली असे घरच्यांना वाटते. नोंद बाहेर पडल्यावर करावी. फोटोचेही तेच. अहवालाला फोटो लागतात हे खरे, पण घरातले दारिद्र्य दाखवणारा फोटो कोणाच्याही फोनमध्ये फिरता कामा नये. हवाच असेल तर विचारून, अंगणात आणि सगळे नीटनेटके उभे राहिल्यावर काढावा.

दिलेले पाणी आणि चहा घ्यावा. काही गल्ल्यांत शिक्षक सगळीकडे चहा घेतात आणि दलित वस्तीत मात्र वेळ नाही म्हणून दारातूनच परततात. तेथील लोक हे पाहतात, आणि शाळेने नंतर समतेवर कितीही धडे शिकवले तरी ते विसरत नाहीत. घरभेटींचा क्रमच असा लावावा की त्या वस्तीतील भेटी सुरुवातीला, निवांतपणे होतील. आई एकटी असेल तर शिक्षिकेने जावे किंवा शिक्षकाने आशा कार्यकर्तीला सोबत घेऊन जावे.

वडिलांपुढे मुलाची तक्रार मांडण्यापूर्वी, त्या रात्री घरात काय होईल याचा विचार करावा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी घातली आहे. शिक्षकाच्या शब्दामुळे ती शिक्षा घरी झाली, तर हेतू विफल होतो. शिवाय ते मूल पुढे शिक्षक येताना दिसले की आई घरी नाही असे सांगू लागते. मुलाच्या अंगावर माराच्या खुणा किंवा लैंगिक अत्याचाराची शंका येण्यासारखे काही दिसले, तर ते घरगुती प्रकरण समजून गप्प बसू नये. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याने अशा अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक केले आहे, आणि मदतीसाठी १०९८ हा बालमदतीचा क्रमांक आहे. अशा वेळी गल्लीतील पंचांकडून समेट घडवून आणण्याचा प्रयत्न मुळीच करू नये.

एसडीएमसी (शाळा विकास व देखरेख समिती) सह्यांपुरती ठेवणे

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. कर्नाटकात हे काम एसडीएमसी करते. कागदावर महिला सदस्य असतात, बैठकीला त्यांचे पती येतात, आणि ठरावाच्या वहीवर सही घेण्यासाठी वही घरी पाठवली जाते. हे मोडायचे तर मुख्याध्यापकांनी सदस्य महिलेलाच थेट फोन करावा आणि बैठकीत पहिला प्रश्न तिला विचारावा. तोही मोठ्या धोरणाचा नसावा. अक्षर दासोहचे, म्हणजे शाळेतील दुपारचे, जेवण मुले घरी येऊन कसे आहे म्हणून सांगतात, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का, पावसाळ्यात कोणत्या वर्गात गळते, यावर ती कोणापेक्षाही नेमके बोलते. तिने सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी एक पुढील बैठकीपूर्वी पूर्ण झालेली दिसली पाहिजे.

गल्लीतील पंच कमिटी, गणेशोत्सव मंडळ, महिला मंडळ, स्त्रीशक्ती संघ यांची मदत अवश्य घ्यावी. बाके, रंग, पाण्याची टाकी यांसाठी बेळगावात ही मंडळे मनापासून पुढे येतात. मात्र मदत करणाऱ्याला शाळेचे व्यासपीठ निवडणुकीसाठी मिळू नये. सीमाप्रश्नाबद्दल शिक्षकाची स्वतःची भावना कितीही तीव्र असो, घरभेटीत किंवा पालक सभेत तो विषय काढू नये, आणि पालकांनी काढला तर ऐकून घेऊन संभाषण मुलाच्या वाचनाकडे वळवावे. मराठी शाळा टिकावी असे वाटणाऱ्याने तर हे पथ्य अधिकच पाळावे, कारण शाळेची बदनामी वादाने होते आणि पट वाढतो तो चांगल्या वाचनाने. मराठी मुलाला कन्नड नीट यावी, ही पालकांची अपेक्षाही रास्त आहे; नोकरी, बँक, कचेरी सगळीकडे ती लागते. तिला उत्तर देताना अस्मितेची ढाल पुढे करू नये.

मूल आठवडाभर येत नसेल तर

आधी कारण, मग उपदेश. जुलैत भातलावणीला किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणीला कुटुंब खानापूर भागातील गावी गेले आहे का, सौंदत्तीच्या यल्लम्माची किंवा गावच्या लक्ष्मीची यात्रा आहे का, हे शेजारी विचारल्यास लगेच कळते. आई बाळंत झाली असेल तर थोरली मुलगी घरी थांबलेली असते, आणि तेथे अंगणवाडी सेविकेशी बोलून मार्ग निघतो. घर बदलले असेल तर नव्या ठिकाणच्या शाळेचे नाव मिळवून तेथील मुख्याध्यापकांना कळवावे. टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) नाही म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हे पालकांना स्पष्ट सांगावे. कागदांची अडचणही दिसते तेवढी लहान नसते. आधारवर इंग्रजीत, दाखल्यावर कन्नडमध्ये आणि जन्मनोंदीत आणखी वेगळे नाव असले की शिष्यवृत्ती अडते, नाडकचेरीच्या (स्थानिक महसूल कार्यालयाच्या) फेऱ्या सुरू होतात, आणि कंटाळलेला बाप शाळेचाच राग करू लागतो. महिन्यातून एक दुपार फक्त कागदांसाठी ठेवली, तर हा राग पुष्कळ कमी होतो.

शेवटी नोंदींबद्दल. शिक्षकांची बदली होते, अतिथी शिक्षकांची नेमणूक तर वर्षापुरतीच असते, आणि त्यांच्याबरोबर घरांची सारी ओळख निघून जाते. वर्गासाठी एक साधी वही ठेवावी: घरी कोणती भाषा, फोन कोणाकडे, भेटायची सोयीची वेळ, काय आश्वासन दिले आणि ते पाळले का. खासगी दुःखे त्यात लिहू नयेत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उन्हाळी सुट्टी लागण्यापूर्वी जुन्या शिक्षकाने ही वही सहकाऱ्याच्या हाती द्यावी आणि जेथे अजून पूर्ण विश्वास बसलेला नाही अशा दोन-तीन घरी त्याला सोबत नेऊन ओळख करून द्यावी.