जुना चेन डोझर घेतलात? पहिल्या आठवड्यात या चुका टाळा

इंदूरहून खंडव्याकडे जाताना सिमरोलच्या अलीकडे आमची थोडी जमीन आहे. ढाळाची, अर्धी काळी माती, अर्धा मुरूम. बांधबंदिस्तीसाठी दरवर्षी भाड्याचं मशीन बोलवायचा कंटाळा आला, हे घरी सांगितलेलं कारण. खरं कारण लोखंडाचं वेड. जुना कॅटरपिलर डी-४ भंगाराच्या भावात मिळत होता आणि मी नसतो घेतला तर तो लोहामंडीत गॅस कटरखाली गेला असता. घरच्यांना अजूनही वाटतं की तेच बरं झालं असतं.

ही मशीनं आपल्या भागाला नवी नाहीत. मध्य भारतातली कास नावाचं चिवट गवत माजलेली जमीन मोडायला अवजड ट्रॅक्टर लागत होते. १९४९ साली जागतिक बँकेने भारताला शेतीयंत्रांसाठी एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं, ते मुख्यतः त्याच कामासाठी. त्यामुळे एखाद्या जुन्या वाड्यामागे गंजत उभा असलेला चेनवाला दिसला तर नवल नको. मात्र तो घरी आणल्यावर आपण काय करतो? उत्साहात थेट सुरू करायला जातो. मीही तेच करणार होतो.

सगळ्यात आधी नंबर वाचा. इंजिनच्या ब्लॉकवर आणि मागे गिअरपेटीवर नंबर असतो. तारेच्या ब्रशने घासून, खडू चोळून तो वाचायचा. नुसतं 'डी-४' म्हणून सुटे भाग मागितलेत तर भलतंच काही हातात येतं. ७यू हे १९४७ ते १९५९ दरम्यानचं मॉडेल, दोन चेनमधलं अंतर ६० इंच. ६यू त्याच काळातलं, पण अंतर ४४ इंच. इंदूरच्या सियागंज बाजारात तीन फेऱ्या वाया घालवल्यावर मला हे शहाणपण आलं. बीईएमएल या भारतीय कंपनीचा डी-५० किंवा डी-८० डोझर असेल तर सुटे भाग तुलनेने सहज मिळतात, पण नंबर तिथेही लागतोच.

आता सगळ्यात महागडी चूक. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या डिझेल इंजिनला पहिल्याच दिवशी सुरू करणं.

आमचे वस्ताद महूचे, आयुष्यभर डोझर चालवलेले. ते आले आणि म्हणाले, "भाऊ, एक फळी आणा. आणि एक ओलं पोतं." मला वाटलं खाली बसायला हवंय. त्यांनी इंजेक्शन पंपाचं झाकण काढलं आणि रॅकवर, म्हणजे इंजिनात किती डिझेल जायचं ते ठरवणाऱ्या सरकत्या पट्टीवर, बोट ठेवून मला म्हणाले, "सरकवा." सरकेना. गंज आणि जुन्या डिझेलचा चिकटा मिळून रॅक जागच्या जागी धरला गेला होता, तोही जवळजवळ पूर्ण डिझेलवर. अशा अवस्थेत इंजिन पेटलं असतं तर वेग ताब्यात ठेवणाऱ्या गव्हर्नरला ते आवरता आलं नसतं. थ्रॉटल खाली ओढा नाहीतर काहीही करा, इंजिन वेग घेतच राहतं आणि शेवटी कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. फळी आणि पोतं त्याचसाठी, हवेचं तोंड झाकायला. तळहाताने झाकायला जाऊ नका, ओढ फार असते. दोन दिवस डिझेलमध्ये भिजवून, हलकेच हलवत रॅक मोकळा केला. फळीची गरज पडली नाही, पण सुरू करताना मी ती दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा होतो.

त्याच दिवशी हवेचा फिल्टरही बघा. जुन्या मशीनवर तेलाची वाटी असते. खुणेच्या वर तेल भरलं तर तेही इंजिनात ओढलं जातं आणि निकाल तोच. कमी भरलं तर माळव्याची धूळ आत.

या डी-४ला चावी नसते. मोठं डिझेल इंजिन फिरवायला शेजारी दोन सिलिंडरचं छोटं पेट्रोल इंजिन असतं, पोनी म्हणतात त्याला. पोनीच्या चार गोष्टी लोक हमखास चुकवतात. रेडिएटर रिकामा ठेवून 'जरा पाच मिनिटं' पोनी चालवणं ही पहिली. दोन्ही इंजिनांचं पाणी एकच असतं, त्यामुळे पोनी तापून बसतो. दुसरी, पोनीच्या तेलाचा वास न घेणं. कार्बुरेटरचा फ्लोट गळत असला की पेट्रोल खाली तेलात उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर तेल आधी बदला. तिसरी घाई: कॉम्प्रेशनचा दांडा लगेच 'रन'वर टाकणं, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या सिलिंडरांत हवा दाबली जाऊ देणं. आधी कॉम्प्रेशन मोकळं ठेवून पोनीने मोठं इंजिन फिरवत राहा, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत. पोनीच्या धुराची ऊब आत येणाऱ्या हवेला मिळते, तेवढा वेळ द्या. मग दांडा टाका, डिझेल उघडा. चौथी म्हणजे काम झाल्यावर पोनी मॅग्नेटोने, म्हणजे ठिणगी तोडून, बंद करणं. पेट्रोलचा कॉक बंद करून त्याला स्वतःहून विझू द्या. कार्बुरेटर कोरडा राहिला तर पुढच्या वेळी चिकटा काढत बसावं लागत नाही.

इंजिन चाललं म्हणजे डोझर चालला असं नाही. डोझर वळवायला दोन्ही बाजूंना एकेक दांडा असतो; तो ओढला की त्या बाजूच्या चेनची ताकद तोडणारे स्टिअरिंग क्लच बहुतेक वेळा गंजून चिकटलेले असतात. दांडा ओढला तरी मशीन सरळच जातं. म्हणून पहिली चाल मोकळ्या रानात, पहिल्या गिअरमध्ये, समोर विहीर, भिंत किंवा भाऊबंदांचा बांध नसताना. क्लचच्या कप्प्याखालचा प्लग काढून साचलेलं तेल-पाणी गाळा. मग दांडा ओढून धरत, त्या बाजूचा ब्रेक देत थोडं पुढे-मागे करा. बऱ्याचदा तेवढ्यावर सुटतात.

आणि हे नीट वाचा, कारण यात जीव जातो. सपाटीवर डावीकडे वळायला डावा दांडा ओढतो. तीव्र उतारावर तोच दांडा ओढला तर डोझर उजवीकडे वळू शकतो. उतरताना इंजिन दोन्ही चेनना मागे धरून ठेवत असतं. डावा क्लच सोडला की डावी चेन मोकळी पळते, उजवी धरलेलीच राहते, आणि नाक उजवीकडे फिरतं. आमच्या ढाळावर मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा उजवीकडे नाला होता. घाबरून मी दांडा आणखी ओढला, म्हणजे चूक दुप्पट केली. ब्लेड खाली सोडलं म्हणून थांबलो. उपाय असा: दांड्याबरोबर त्याच बाजूचा ब्रेक दाबा, म्हणजे ती चेन पळत नाही. फार उतार असेल तर जुने चालक ब्रेक न देता उलट बाजूचा दांडा हलकेच ओढतात, पण ते अंगवळणी पडायला वेळ लागतो. उतारावर गिअर बदलू नका. जुना गिअरबॉक्स पुन्हा गिअर घेईलच याची खात्री नाही. दोन्ही दांडे एकदम ओढणं म्हणजे पाच-सहा टन लोखंड मोकळं सोडणं.

चेनचं म्हणाल तर ढिली चेन उतरेल या भीतीने लोक ती तारेसारखी ताणतात. वरचा रोलर आणि आयडलर, म्हणजे चेनचं पुढचं मोठं चाक, यांच्या मध्ये एक ते दीड इंच झोळ हवा. काळ्या मातीत काम असेल तर थोडा जास्तच, कारण माती स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ओढणाऱ्या मागच्या चाकाच्या, दातांत ठासते आणि चेन आपोआप आवळते. ताणलेली चेन पिना, बुश (पिनांवरच्या नळ्या), स्प्रॉकेट आणि फायनल ड्राइव्हचे (स्प्रॉकेट फिरवणाऱ्या गिअरचे) बेअरिंग, सगळंच खाते. डी-४ला जाड स्क्रू असतो, तो पान्याने फिरवायचा. बीईएमएलसारख्या मशीनला ग्रीसने ताण देतात. तिथे ग्रीसचा वाल्व एका फेऱ्यापेक्षा जास्त सैल करू नका आणि तोंड त्याच्या समोर आणू नका. आतला दाब इतका असतो की ग्रीस कातडी फोडून आत शिरतं. आयडलरमागच्या दाबलेल्या रिकॉइल स्प्रिंगला तर घरी हातच लावू नका.

रिव्हर्स जोरात मारायची सवय असेल तर ती मोडा, बुश रिव्हर्समध्येच जास्त झिजतात. शूचे, म्हणजे चेनवरच्या पट्ट्यांचे, बोल्ट पहिल्या काही दिवसांत दोनदा आवळा.

फायनल ड्राइव्हमध्ये पाणी आहे का, हे रात्रभर उभं ठेवून सकाळी कळतं. प्लग जरासा सैल करा. आधी पाणी आलं तर सील गेलंय, आणि तेल दुधासारखं असेल तर पूर्ण बदला.

संध्याकाळी ब्लेड जमिनीवर टेकवूनच उतरा. उचललेल्या ब्लेडखाली ठोकळे न लावता कुणी वाकलं तर ओरडा, मग तो पाहुणा असो की सासरा. चेनमधली माती ओली असतानाच फावड्याने काढा, पावसाळ्यात तर नक्कीच. आमच्या काळ्या मातीची सकाळपर्यंत वीट होते आणि मग सब्बल लागते. आणि सायलेन्सरवर एक उलटा डबा. आमच्याकडे तुपाचा आहे. एका वळिवाच्या सरीत सायलेन्सरमधून पाणी सिलिंडरमध्ये उतरलं की रॅक, पोनी, क्लच सगळं नीट करूनही इंजिन जाम. फक्त सुरू करण्याआधी डबा काढायची आठवण ठेवा. आमचा एकदा शेजारच्या सोयाबीनमध्ये सापडला.