प्रतिमान पाठाची तयारी: बी.एड.ला नव्याने आलेल्यांसाठी

सूक्ष्म पाठ (एकेका कौशल्याचे छोटे पाठ), सेतुपाठ (ती कौशल्यं एकत्र आणणारे) आणि पहिले सराव पाठ पार पडले की वेळापत्रकावर 'प्रतिमान पाठ', म्हणजे अध्यापनाच्या एखाद्या ठरलेल्या नमुन्यानुसार घ्यायचा पाठ, असं लिहून येतं आणि छात्राध्यापकांची, म्हणजे बी.एड.च्या विद्यार्थ्यांची, धांदल उडते. मागच्या तुकडीतल्या कुणाची तरी टाचण वही (पाठांच्या आराखड्यांची वही) हातोहात फिरू लागते. कोणतं प्रतिमान सोपं, कशात तक्ते कमी लागतात, निरीक्षकांना काय आवडतं, अशी चर्चा रंगते. मी माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते आणि आंतरवासितेला, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाला, येणारे छात्राध्यापक माझ्याच वर्गांवर पाठ घेतात. टाचण पाहण्याआधी मी त्यांना एकच प्रश्न विचारते: या तासात मुलांच्या डोक्यात काय घडायला हवंय? त्याचं उत्तर मिळालं की प्रतिमान निवडायला वेळ लागत नाही. उत्तर नसेल, तर कोणतंही प्रतिमान घेतलं तरी तास कोरडाच जातो.

ब्रूस जॉइस आणि मार्शा वेल यांचं 'मॉडेल्स ऑफ टीचिंग' हे पुस्तक १९७२ साली प्रसिद्ध झालं, आणि आपल्या अभ्यासक्रमातल्या या घटकाचा बराचसा भाग तिथूनच आलेला आहे. त्यांनी प्रतिमानांची चार कुलं सांगितली: माहिती प्रक्रियाकरण, सामाजिक, वैयक्तिक आणि वर्तन. प्रत्येक प्रतिमानाचा एक कृतिक्रम, म्हणजे पाठाच्या टप्प्यांचा ठरलेला क्रम, असतो. वर्गात शिक्षकाचं आणि मुलांचं नातं कसं असेल ते सामाजिक प्रणाली सांगते. मूल काही बोललं की शिक्षकाने काय म्हणायचं, ते प्रतिक्रियेच्या तत्त्वांत येतं. लागणारं साहित्य आणि तयारी म्हणजे आधार प्रणाली. परीक्षेसाठी हे सगळे पाठ करतात. वर्गात मात्र यातल्या प्रतिक्रियेच्या तत्त्वांवरच सगळं टिकतं किंवा कोसळतं, आणि टाचणात नेमका हाच रकाना एका ओळीत उरकलेला असतो. मुलाने चुकीचं उत्तर दिलं तर तुम्ही नक्की कोणतं वाक्य बोलणार, हे शब्दशः लिहून काढा. माझ्या वर्गावर पाठ घ्यायचा तर मी एवढा आग्रह धरतेच.

आता एक प्रतिमान जवळून पाहू. जेरोम ब्रूनर यांनी जॅकलिन गुडनाऊ आणि जॉर्ज ऑस्टिन यांच्यासह माणसं संकल्पना कशा तयार करतात याचा अभ्यास केला, तो १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. संकल्पना प्राप्ती प्रतिमान त्यावर उभं आहे. व्याख्या आधी सांगायची नाही. फळ्याचे दोन भाग करायचे, 'होय' आणि 'नाही', आणि एकेक उदाहरण लावत जायचं. 'होय'मधल्या सगळ्यांत काय सारखं आहे, ते मुलांनी शोधायचं.

माझा आवडता विषय शब्दयोगी अव्यय. 'होय'खाली पहिली पट्टी लावते: 'टेबलाखाली मांजर बसलंय', त्यात 'टेबलाखाली' अधोरेखित. 'नाही'खाली: 'मांजर खाली बसलंय', 'खाली' अधोरेखित. मुलं दोन्हीकडे आळीपाळीने बघतात. पुढची जोडी: 'घरापुढे अंगण आहे' होय, 'तू पुढे चल' नाही. एव्हाना 'जागा सांगणारा शब्द' हा पहिला अंदाज मोडलेला असतो, कारण जागा दोन्हीकडे आहे. कुणीतरी म्हणतं, होयमध्ये वस्तूचं नाव आहे. मी फक्त 'बघू या' म्हणते आणि 'आजीसाठी औषध आणलं' ही पट्टी होयमध्ये लावते. वस्तू गेली, नाम राहिलं. 'तुझ्याबरोबर येतो' आलं की नामासोबत सर्वनामही आत येतं. आता वर्ग जवळजवळ एकमताने सांगतो: नामाला किंवा सर्वनामाला काहीतरी जोडून आलंय.

इथे मी 'घरात कुणी नाही' ही पट्टी काढते आणि 'नाही'खाली लावते. जोडून तर आलंय, मग नाही का? माझ्या मते सगळ्या तासातलं खरं शिक्षण या दोन-तीन मिनिटांत होतं. मुलं 'घरात' आणि 'घरापुढे' शेजारी शेजारी ठेवून बघतात. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने सांगितलं, "बाई, पुढे हा सुट्टा शब्द आहे. त सुट्टा काढला तर त्याला काहीच अर्थ नाही." प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय यांतली सीमारेषा तिने स्वतः आखली, तीही व्याख्या न ऐकता. मग राहता राहिला एक अंदाज: मूळ शब्दाचं रूप बदलतं, घरचं 'घरा', आजीचं 'आजी'च पण टेबलचं 'टेबला'. त्यासाठी 'मुलगादेखील आला' ही पट्टी मी शेवटी राखून ठेवते. 'मुलग्यासाठी' म्हणताना रूप बदललं, 'मुलगादेखील' म्हणताना नाही, आणि तरीही होय. सामान्यरूप बहुतेकदा होतं, पण ती अट नाही, हे मुलांना आता सांगावं लागत नाही.

या पाठाचा एक नियम नव्यांनी गाठ मारून ठेवावा. ज्याला उत्तर सापडलंय असं वाटतं, त्याने नियम बोलून दाखवायचा नाही, स्वतःचं नवं उदाहरण द्यायचं. ते होय की नाही एवढंच तुम्ही सांगायचं. त्यामुळे हुशार मुलं उत्तर फोडत नाहीत आणि बाकीच्यांना त्यांच्याकडून आणखी उदाहरणं मिळतात. एरवी हात वर न करणारी मुलंही यात भाग घेतात, कारण त्यांना व्याख्या मांडायची नसते, एक शब्द द्यायचा असतो.

कृतिक्रमाचा तिसरा टप्पा विचारप्रक्रियेचं विश्लेषण हा आहे, आणि ३५ मिनिटांच्या तासात तोच कापला जातो. तो कापू नका. मुलांना विचारा: तुझा पहिला अंदाज काय होता? कोणत्या पट्टीमुळे तो सोडावा लागला? तू सगळं एकदम लक्षात ठेवून शोधत होतास की एकेक गोष्ट तपासत होतास? मुलं हे सांगताना मनापासून बोलतात. आपला अंदाज पुराव्यापुढे सोडायचा असतो, ही सवय व्याकरणाच्या तासात लागते आणि पुढे विज्ञानात, बातमी वाचताना, सगळीकडे उपयोगी पडते. वेळ कमी पडत असेल तर दोन उदाहरणं कमी करा.

याच्याशी ज्याची गल्लत होते ते हिल्डा टाबा यांचं उद्गामी विचार प्रतिमान. फरक साधा आहे. ब्रूनरच्या पाठात गट शिक्षकाने ठरवलेला असतो, मुलं तो ओळखतात. टाबांच्या पाठात गट मुलंच करतात. सहावीला आठवडी बाजारावर पाठ घेतला तर आधी बाजारात काय काय दिसतं ते सगळं फळ्यावर: भाजी, बांगड्या, चपला, सुकी मासळी, प्लास्टिकच्या बादल्या, केरसुण्या, भजी, बियाणं. मग एकत्र जाणाऱ्या वस्तूंचे गट, मग गटांना नावं. एका गटाला नाव मिळतं 'शेतातून आलेलं', दुसऱ्याला 'शहरातून आलेलं', तिसऱ्याला 'बाया विकतात ते'. शेवटचं वर्गीकरण तुमच्या टाचणात नसेल, पण ते पुसू नका. त्यावरूनच 'असं का असेल?' हा पुढचा टप्पा सुरू होतो, आणि भूगोलाच्या तासाला मुलं आपल्या गावाच्या अर्थव्यवहाराबद्दल बोलू लागतात.

डेव्हिड ऑझुबेल यांच्या अग्रत संघटकाबद्दल थोडं स्पष्टच लिहिते, कारण सर्वाधिक पाठ याच प्रतिमानाचे होतात आणि सर्वाधिक गैरसमजही याचेच. चित्र दाखवून दोन प्रश्न विचारणं म्हणजे अग्रत संघटक नव्हे, ती प्रस्तावना झाली. संघटक हा पाठातल्या मजकुरापेक्षा व्यापक आणि अधिक अमूर्त असावा लागतो, पुढची माहिती अडकवायला खुंटी मिळावी असा. सातवीला स्वराज्याचा कारभार शिकवताना अष्टप्रधानांची आठ नावं मुलं घोकतात आणि आठवड्यात विसरतात. मी आधी विचारते, कुठलंही राज्य चालवायचं तर कोणती कामं टाळताच येणार नाहीत? पैशाचा हिशेब, लढाई, न्याय, पत्रव्यवहार, शेजारच्या राज्यांशी बोलणी, राजाच्या रोजच्या व्यवहाराची नोंद, धर्माची कामं, आणि या सगळ्यांवर देखरेख. ही चौकट फळ्यावर उभी राहिली की १६७४ च्या राज्याभिषेकानंतरचं मंडळ त्यात भरत जायचं: जमाखर्चाला अमात्य, परराष्ट्राला सुमंत, पत्रांना सचिव. न्यायाधीश आणि पंडितराव सोडले तर बाकीच्यांवर लष्करी जबाबदारीही होती, हे आलं की मुलं आपोआप विचारतात, हे दोघेच का वगळले? हा प्रश्न चौकटीमुळे सुचतो, यादीमुळे सुचत नाही. विद्यार्थ्याला आधीपासून काय ठाऊक आहे ते शोधा आणि त्यावरून शिकवा, हा ऑझुबेल यांचा आग्रह अशा वेळी पटतो.

विज्ञानाच्या छात्राध्यापकांना मी रिचर्ड सखमन यांचं पृच्छा प्रशिक्षण प्रतिमान सुचवते. कागदी पेल्यात पाणी घ्या, पेल्याचा पाणी असलेला भाग मेणबत्तीच्या ज्योतीवर धरा. कागद जळत नाही. मुलांनी प्रश्न विचारायचे, पण असेच की ज्यांचं उत्तर होय किंवा नाही देता येईल. 'का जळत नाही?' चालणार नाही. 'पेला रिकामा असता तर जळला असता का?' चालेल. सुरुवातीला मुलं अडखळतात, पण हळूहळू आधी वस्तुस्थिती तपासायला शिकतात आणि मग पाण्याने उष्णता शोषल्यामुळे कागद पेट घेण्याइतका तापत नाही, इथपर्यंत स्वतः पोचतात. शिक्षकाला मात्र तोंडावर आलेलं स्पष्टीकरण गिळावं लागतं. त्याची घरी तालीम करा, कुणालातरी समोर बसवून.

भूमिकापालनाबद्दल, म्हणजे मुलांनी एखाद्या प्रसंगातल्या भूमिका करून बघण्याबद्दल, एवढंच सांगते: नाटक झालं की पाठ संपत नाही. फॅनी आणि जॉर्ज शाफ्टेल यांच्या मांडणीत अभिनयानंतरची चर्चा आणि वेगळ्या निर्णयासह पुन्हा केलेला अभिनय हाच गाभा आहे.

आता, सगळंच मुलांनी शोधावं असं नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नंतर ज्ञानरचनावाद (मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं हा विचार) हा शब्द आपल्याकडे इतका वापरला गेला की सरळ समजावून सांगणं कमीपणाचं वाटू लागलं. दोन अंकी भाजकाने भागाकार, पत्राचा मायना, प्रयोगशाळेत बर्नर पेटवण्याची पद्धत, या गोष्टी आधी मी करून दाखवते, मग आपण मिळून करू, मग तू एकटा कर, या क्रमानेच नीट शिकल्या जातात. जॉइस आणि वेल यांच्या वर्तन कुलात प्रत्यक्ष अध्यापनालाही मानाची जागा आहे. नव्या विषयात पाय रोवू पाहणाऱ्या मुलाला तर आधाराची गरज जास्तच असते, त्याला मोकळं सोडलं की तो भरकटतो. आणि जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या अनुयायांनी रुळवलेली पंचपदी, म्हणजे पाच पायऱ्यांची पाठपद्धती, जुनी म्हणून टाकाऊ नाही. तुलना आणि सामान्यीकरण या तिच्या पायऱ्या वरच्या शब्दयोगी अव्ययाच्या पाठातही आहेत.

तयारीसाठी वेळ कुठे घालवायचा? माझं उत्तर: उदाहरणांत. तक्ते रंगवण्यात रात्री जातात आणि उदाहरणं आयत्या वेळी सुचतील असं वाटतं. संकल्पना प्राप्तीच्या पाठात 'नाही'ची उदाहरणं निवडायला सर्वांत जास्त विचार लागतो. 'टेबलाखाली'समोर 'हत्ती' ठेवला तर मुलांना काहीच शोधावं लागत नाही, 'खाली' ठेवला की लागतं. उदाहरणांचा क्रम कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून हलवून बघा. प्रत्येक उदाहरणानंतर मुलांच्या मनात कोणते अंदाज शिल्लक राहतील, ते शेजारी लिहा. ज्या उदाहरणामुळे एकही अंदाज कमी होत नाही, ते काढून टाका.

मूल्यमापनाचे प्रश्नही प्रतिमानाला शोभतील असे हवेत. तासभर अंदाज तपासायला लावून शेवटी 'शब्दयोगी अव्ययाची व्याख्या लिहा' असा प्रश्न नको. 'खालील उताऱ्यातील शब्दयोगी अव्यये ओळखा आणि "समोर" हा शब्द दोन्ही प्रकारे वापरून वाक्ये करा' असा हवा. 'समोर बघ' आणि 'शाळेसमोर वड आहे' ही दोन वाक्यं ज्याने स्वतः केली, त्याला विषय कळला.

पाठ झाल्यावर निरीक्षकांच्या शेऱ्याखाली सही घेऊन वही बंद करण्याआधी, कोणत्या पट्टीला मुलं अडली आणि त्यांनी काय काय अंदाज सांगितले ते त्याच दिवशी मुलांच्याच शब्दांत टाचणाच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. पुढचा पाठ दुसऱ्या तुकडीवर असेल तर पट्ट्यांचा क्रम त्यावरून बदला. आमच्या शाळेत आलेल्या काही छात्राध्यापकांनी अशा नोंदी एकमेकांना दिल्या, आणि नंतरच्या तुकडीला 'घरात' ही पट्टी नेमकी कधी लावायची ते त्यातून ठरवता आलं.