तुरुंगातला चोरटा कॉल छुप्या आवाजाने पकडताय? या चुका टाळा

आपल्याकडे जेलमध्ये जॅमर बसवतात, पण अमेरिकेत १९३४ च्या कम्युनिकेशन्स अ‍ॅक्टमुळे राज्यांच्या तुरुंगांना ती सोय मिळत आलेली नाही. म्हणून तिथे ही आयडिया निघाली: बराकीत स्पीकरवरून कुणाच्या लक्षात येणार नाही असा सिग्नल सोडायचा, लपवलेल्या मोबाइलच्या माइकने तो उचलला की कॉलबरोबर नेटवर्कपर्यंत जातो आणि तिथे ओळखता येतो.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे माणसाला ऐकूच येणार नाही असा २० हजार हर्ट्झचा आवाज निवडणं. अहो, साधा फोन कॉल आवाजाचे सेकंदाला ८००० सॅम्पल (नमुने) घेतो, म्हणजे त्याच्या निम्म्या, ४००० हर्ट्झच्या वरचं काही उरतच नाही, आणि एचडी कॉल घेतला तरी साधारण ७००० पर्यंतच मजल. सिग्नल बोलण्याच्या पट्ट्यातच लपवावा लागतो.

मग लोक त्या पट्ट्यात एकसुरी बारीक बीप टाकतात. तीही टिकत नाही. करून बघा, कॉल चालू ठेवून फोनजवळ एकच सूर वाजवत राहा, बऱ्याच फोनवर पलीकडच्याला तो दबत गेलेला जाणवेल, कारण फोनमधलं नॉइज सप्रेशन (नको तो आवाज दाबणारी सोय) त्याला पंख्याची घरघर समजतं. त्यापेक्षा टीव्ही, पंखे, दारांचा खडखडाट यांच्या आवाजाखाली, एका सुराऐवजी अनेक फ्रिक्वेन्सींवर पसरलेला कोड पुन्हापुन्हा सोडा आणि कॉलचा काही सेकंदांचा ऑडिओ त्या कोडशी जुळवून बघा. आणि टेस्ट लॅपटॉपवरच्या फाइलवर नको, खऱ्या कॉलवर, फोन उशीखाली ठेवून करा.

सगळीकडे एकच कोड लावला तर कॉल कुठल्या बराकीतला ते कळत नाही. भिंतीवरच्या अधिकृत फोनमध्येही तोच आवाज शिरतो, ते नंबर आधीच वगळा.

अधिकृत फोनवरून तिसऱ्याला जोडलेला कॉल पकडताना तर जास्तच जपा. शांतता आणि मग 'टक्' ही तिसरा जोडला गेल्याची खूण मानतात, पण एवढ्यावर कॉल तोडू नका हो, पलीकडे आई दार उघडायला उठलेली असते, कॉल वेटिंग वाजलेलं असतं, आणि आठवडाभर वाट बघितलेला कॉल जातो, वर शिक्षाही होऊ शकते. अलर्ट म्हणजे पुरावा नव्हे, आधी रेकॉर्डिंग ऐका, वकिलाचा कॉल असेल तर त्याला हातच लावू नका.

व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर हे चालेल असं धरू नका, तो एन्क्रिप्टेड असतो, कंपनीला आवाज मिळतच नाही. तिथे झडती, नाहीतर मिसिसिपीच्या पार्चमन तुरुंगात २०१० मध्ये बसवली तशी मॅनेज्ड अ‍ॅक्सेस सिस्टिम, म्हणजे तुरुंगातल्या फोनचे सिग्नल स्वतःकडे घेऊन फक्त परवानगी असलेले फोन पुढे जाऊ देणारी यंत्रणा.